रेडिएटरमधलं पाणी

करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात आमच्या जुन्या गाडीत तो लाल दिवा पहिल्यांदा लागला. थर्मामीटरच्या चित्राचा, म्हणजे इंजिन तापलंय. आम्ही आइंडहोवनच्या सुपरमार्केटमधून घरी निघालो होतो. मागच्या सीटवर आमचं सहा महिन्यांचं बाळ आणि माझी आई. माझ्या बाळंतपणासाठी तीन महिन्यांकरता आलेली आई विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकली होती. बाबा पुण्यात एकटे.

माझा नवरा चिप बनवणाऱ्या मशीनवर काम करतो. तिथे तापमान अंशाच्या बारीकशा तुकड्यात सांभाळावं लागतं, हे तो पाहुण्यांना त्यांनी न विचारताही सांगतो. घरच्या गाडीचं बॉनेट मात्र त्याने जन्मात उघडलं नव्हतं. तो फोनवर काहीतरी शोधत बसला तेव्हा आईच म्हणाली, "अहो, पाणी कमी झालं असेल. खंबाटकीच्या घाटात हे दर वेळी थांबून पाणी घालायचे. डिकीत कॅन भरलेला असायचाच."

बॉनेट उघडलं तर कूलंटची टाकी तळाला गेलेली. नवऱ्याने प्यायच्या बाटलीतलं पाणी ओतलं, दिवा विझला. आईला केवढा आनंद झाला! घरी पोचल्या पोचल्या तिने बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी मग जावयाचा अर्धा तास क्लास घेतला: इंजिन गार झाल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, फडकं धरूनच उघडायचं, पाणी हळूहळू सोडायचं. सगळं बरोबर होतं. पुण्यात पाणी गोठतं ते फक्त फ्रीजमध्ये, त्यामुळे पुढचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मग दिवा लागला की बाटली, हे ठरूनच गेलं. कुठेतरी गळती होती हे उघड होतं. पण घरून काम, सगळं बंद, जायचंय कुठे? गॅरेजचं बघू नंतर, चालतंय तोवर चालू दे. विमानं पुन्हा सुरू झाली तेव्हा बाबाच आईला म्हणाले, "येऊ नकोस. तिथे तू सुरक्षित आहेस, आणि नातवाला सोडून येणारेस का?" तीही राहिली.

फेब्रुवारीत बाबांना करोना झाला. दोन दिवसांत ऑक्सिजन लागला. डॉक्टर म्हणाले, काकू आल्या तर पीपीई किट घालून पाच मिनिटं भेटू देऊ. त्या पाच मिनिटांसाठी आम्ही तिकीट मिळवलं, आईची टेस्ट करून घेतली, रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून देवापुढे साखर ठेवली. आणि नेमका त्याच आठवड्यात इथे बर्फ पडला. कालवे गोठले, ट्रेन बंद पडल्या. अख्खा देश स्केट्स शोधत होता आणि आम्ही आईची बॅग डिकीत टाकून विमानतळाकडे निघालो.

हायवेला लागून दहा मिनिटं झाली असतील, दिवा लाल. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि इंजिन म्हणे तापलंय! नवरा म्हणाला, सेन्सर बिघडला असेल. मी म्हटलं, "हीटर फुल कर, इंजिनची उष्णता निघून जाते म्हणतात." हीटरमधून बर्फासारखा गार वारा आला. गाडी कडेला घेऊन त्याने बॉनेट उघडलं आणि टाकीत बोट घातलं. बोट टक् करून आपटलं.

आत बर्फ होता. महिनोन्‌महिने आम्ही हौसेने घातलेलं नळाचं पाणी. थंडीत न गोठणारं कूलंट त्यात नावापुरतं उरलं होतं. रेडिएटर गोठला होता, पाणी फिरत नव्हतं, आणि इंजिन आतल्या आत भाजून निघत होतं.

आईने प्रवासासाठी घेतलेला थर्मास पुढे केला. नवऱ्याने गरम पाणी टाकीवर ओतलं, थांबला, गाडी पुन्हा काढली. थोडं अंतर गेलो असू. खालून काहीतरी तडकल्याचा आवाज आला, वाफ निघाली आणि इंजिन बंद पडलं.

इथल्या नियमाप्रमाणे आम्ही कठड्यापलीकडे जाऊन बर्फात उभे राहिलो, बाळ माझ्या जॅकेटच्या आत. टॅक्सीवाले कुणी यायला तयार नव्हते. रॉटरडॅमचा एक मित्र निघाला आणि वाटेत ट्रॅफिकमध्ये अडकला. मी नवऱ्यावर ओरडले. जे तोंडाला येईल ते बोलले, आईसमोर. तो पुन्हा पुन्हा टॅक्सीचे नंबर लावत राहिला, त्याचा मला आणखी राग आला. आई म्हणाली, "त्यांना बोलू नकोस. पाणी घालायला मी सांगितलं." मला रडताही येईना.

तेवढ्यात बाबांचा व्हिडिओ कॉल आला. नर्सने लावून दिला होता. तोंडावर मास्क, डोळे खोल गेलेले. "निघालीस का?" बोलताना त्यांना धाप लागत होती. आईने फोन चेहऱ्याच्या अगदी जवळ धरला, मागचा बर्फ दिसू नये म्हणून.

"निघाले. आता विमानातच बसणार. उद्या पोचतेय."

बाबांनी अंगठा वर केला.

विमान गेलं. पुढची जागा चार दिवसांनी होती. त्या रात्री आई जेवली नाही, आम्हीही बाबांना खरं कळवलं नाही. काय कळवणार होतो?

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. आईने स्पीकर लावला होता. नर्स मराठीच होती, बोलायला चांगली. म्हणाली, काका गेले. सकाळी केस विंचरून द्या म्हणाले, मिसेस येणार आहेत म्हणून.

आईने एवढंच विचारलं, "मी विमानात नव्हते, ते त्यांना कळलं का हो?"

"नाही काकू, त्याची काळजी करू नका," नर्स समजावणीच्या सुरात म्हणाली. "शेवटपर्यंत दाराकडेच बघत होते."

आई 'बरं' म्हणाली आणि तिने फोन ठेवला.