शिसं लागलेल्या हातावरचा गूळ

"हाथ ऊपर कर!"

मालक ओरडला. बांगलादेशच्या लढाईचे दिवस. हिंदी मुलखातल्या गोहलपुरात एका कारखान्यात आम्ही शिसं वितळवून साच्यात ओतायचो. माल फौजेसाठी जायचा, म्हणून रोज सकाळी अंगणात उभं राहून उजवी मूठ वर करायची आणि घोषणा द्यायची. माझी मूठ छातीशीच अडली.

"दर्द है साहब, उठता नहीं."

मालक जवळ आला. मला हात नाही लावला त्यानं. शिसं ढवळायची लोखंडी पळी उचलली आणि तिच्या दांड्यानं माझं कोपर खालून वर रेटलं. मी किंचाळलो.

"दुश्मन का आदमी है क्या? कामचोर!"

सगळे हसले. ते हसणं आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

शिशाची धूळ घशात जाते आणि गुळानं ती उतरते, असं सगळे मानायचे. मीही मानायचो. म्हणून दुपारी प्रत्येकाला गुळाचा खडा मिळायचा. वाटायला स्टोअरवाला. बाकीच्यांच्या हातावर तो खडा ठेवायचा. आम्हा तिघांच्या हातावर वरून टाकायचा, कारण आमची जात त्याला माहीत होती. कारखान्यात नळ एकच. बाकीचे तिथे हात धुऊन रांगेत यायचे. आम्ही हात लावला तर नळ बाटायचा. कायदा दिल्लीत होता, नळ गोहलपुरात. आमचे तळवे शिशानं काळे आणि घामानं ओले. त्यावर खडा पडायचा आणि आम्ही तो बोटं चाटून खायचो. वर म्हणायचो, "दया है मालिक की." थू!

घरी बायको मला सदरा घालून द्यायला लागली. "काहून लपवून राहिले? बाहीत हातसुद्धा जात नाही तुमचा," ती म्हणाली आणि मला ओढतच सदर भागातल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाई नागपूरच्या. त्यांनी खांद्याचा एक्स-रे काढायला लावला आणि तो खिडकीच्या उजेडात धरला. हाडाच्या शेजारी, जिथे काहीच दिसायला नको तिथे, एक पांढरा डाग होता. खडेमिठाच्या खड्याएवढा.

"हे हाड नाही," बाई म्हणाल्या. "स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी असते ना, त्या दोरीत चुना साचून राहिला."

"चुना? मी तर पानही खात नाही, बाई."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला आणि तळवा उलटा करून पाहिला. मग तोंड उघडायला लावलं. हिरडीवर निळसर रेघ होती. काय काम करता, कसं खाता, सगळं विचारलं. मी गुळाचंही सांगितलं.

मग त्यांनी समजावलं. शिसं धुळीतून, खाण्यातून पोटात जातं. शरीराला ते चुन्यासारखंच वाटतं, म्हणून हाडात शिरून मुक्काम ठोकतं. चुन्याचा सगळा कारभार बिघडतो. हाडात राहायचा चुना मऊ जागी जाऊन बसतो आणि जे वाकायला पाहिजे, त्याचा दगड होतो.

"तुमचा खांदा एकट्या शिशानंच गेला, असं शपथेवर नाही सांगता येणार," बाई म्हणाल्या. "पण शिसं तुमच्या अंगात भिनलं आहे, ही रेघच सांगून राहिली. गुळानं काही उतरत नाही. तुम्ही गुळाला लावून शिसं खाऊन राहिले, भाऊ."

घरी येईपर्यंत माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. माझ्या हाताचा विटाळ म्हणून त्यांनी मला नळापासून हाकललं. त्या हातावर विटाळ नव्हताच. विष होतं, त्यांच्याच कारखान्याचं. धुवायला लोटाभर पाणी पुरलं असतं.

दुसऱ्या दिवशी स्टोअरवाल्यानं खडा वर धरला. मी हात मागे घेतले. खडा खाली धुळीत पडला.

"पहले नल पर हाथ धोऊँगा," मी म्हणालो. "फिर हाथ पर रखोगे, तो खाऊँगा."

मालक धावत आला. "नल को छुआ तो कल से मत आना!"

मी नळाकडे चालत गेलो. तोटी कमरेएवढ्या उंचीवर होती. तिथवर माझा उजवा हात जातो. त्याच हातानं ती फिरवली आणि कोपरापर्यंत हात धुतले. काळं पाणी सगळ्यांसमोर वाहत गेलं. या वेळी कुणी हसलं नाही. आमच्यातला दुसरा माझ्यामागे नळावर आला. तिसरा आला नाही.

काम गेलं. खांदा अजून तसाच आहे, त्यातला चुना निघालेला नाही. कुणाच्या घोषणेसाठी हा हात आता वर जाणार नाही. गेला असता तरी मी नेला नसता. आणि वरून टाकलेलं काहीही या हातावर मी पडू देणार नाही. मालकाचा गूळ नाही, देवाचा प्रसादसुद्धा नाही. आधी हात धुईन. नळ कुणाच्याही बापाचा असो.