धाकट्याच्या मापाची बैठक

धाकटा भाऊ गेला तेव्हा थोरला सुतार रडला नाही, आणि नंतरही नाही. लोक म्हणाले, लाकडात राहून माणूस लाकूड झाला. म्हणोत बापडे. त्यालाही आत चाचपून काही सापडत नव्हतं. जेवायचा, रंधा मारायचा, झोपायचा. बायकोने विचारलं की म्हणायचा, "काही नाही गं." आणि खरंच काही नव्हतं.

दोघा भावांची शिडाची एक कयाक होती. अरुंद होडी ती, कलंडायला टपलेलीच. म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना पाण्यावर फळ्या काढलेल्या, फळ्यांच्या टोकाला बैठका. दोघं दोन बाजूंना बसले की तोल राहायचा. धाकटा गेल्यापासून होडी उपडी पडली होती आणि फळ्या कुजल्या होत्या.

धाकट्याची मुलगी शाळेची बस चालवायची. बोलायला रोखठोक, बापासारखी. एका सकाळी ती शेडमध्ये आली.

"काका, नव्या बैठका करा. एकदा तुमच्याबरोबर जायचंय मला. नाहीतर विकून टाकते होडी. अशी पडलेली बघवत नाही."

"करतो," तो म्हणाला. नको म्हणायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं.

त्याने फळ्या रंधल्या, मांडीला काचू नयेत म्हणून कडा गोल केल्या, पितळेचे स्क्रू मारले, लाकडाला तेल पाजलं. मोजपट्टी मात्र खिशातून काढली नाही. दर दोन-तीन वर्षांनी हेच केलेलं, हाताला सगळं पाठ होतं.

होडी उथळ पाण्यात उतरवली. शीड अजून गुंडाळलेलंच होतं. दोघं दोन बाजूंना बसले, तशी होडी त्याच्या बाजूला कलली.

"आत सरक," तो सवयीने म्हणाला.

ती सरकली, आणि तो कमरेपर्यंत पाण्यात.

"आत काय, काका? माझी फळी आधीच तुमच्यापेक्षा वीतभर आखूड आहे."

त्याने पाहिलं. खरंच होती. धाकटा अंगाने भारी, म्हणून त्याची बैठक कायम होडीच्या जवळ. तरी दर वेळी "आत सरक, जाड्या" म्हणावं लागायचं. ही पोरगी तर नुसती काडी, हिची फळी उलट लांब हवी. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे मेला एक आणि खोड दुसऱ्याच्या हातात राहिली.

तिला होडीच्या मधोमध यायला सांगून तो खाली उतरला, पाण्यातून वळसा घालून तिच्या बाजूला आला आणि फळीला धरून उभा राहिला.

"मी त्याचीच केली गं," तो म्हणाला. "तो बसणार म्हणून केली."

मग त्याला रडू आलं, वर्षभराचं. होडी त्याच्या हुंदक्यांनी हलत होती.

"उद्या तुझ्या मापाची करतो," तो शेवटी म्हणाला. "होडी विकू नकोस."

"नाही विकत. आधी नाक पुसा."