बलदातली तिसरी हाक

आमच्या यांना जाऊन वर्ष झालं आणि मुलाने मला जेद्दाला आणलं. तो आणि सून दोघं दिवसभर कामाला, म्हणजे घरात मी आणि आठ वर्षांची नात. ती माझ्याशी निम्मं इंग्रजीच बोलते, पण गोष्ट मात्र तिला मराठीतून लागते.

एका संध्याकाळी मुलाने आम्हा दोघींना बलदात, म्हणजे तिथल्या जुन्या शहरात नेलं. स्कॉटलंडच्या लोकांचा महोत्सव होता. गाणी, नाच, गोष्टी. चौकड्यांचे घागरे घातलेले बाप्ये बघून मी तोंडाला पदर लावला, तर नात दटावते, "आजी, डोन्ट लाफ!" पण त्यांच्या काखेतल्या पिशवीतून आवाज निघाला आणि माझं हसूच गेलं. आमच्या देवळात सनईच्या मागे एकजण नुसता सूर धरून बसायचा ना, तसा. थांबेचना.

मग एक म्हातारी गोष्ट सांगायला बसली, असेल माझ्याच वयाची. नात माझ्या कानात मराठी करत होती. समुद्रात बुडालेला नवरा धुक्यातून बायकोला हाक मारतो, ती ओ देते आणि पाण्यात चालू लागते. नातीने मला कोपर मारलं. "वेडीच आहे ती! पहिल्याच हाकेला कशाला ओ दिली?" आमच्या गावची रीत मी तिला पढवलेली. तिन्हीसांजेला कुणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तीनदा बोलावतं. दुसरं काही असेल तर दोनदाच.

बांग झाली, तेवढा वेळ सगळं थांबलं. मुलगा गाडी जवळ आणायला गेला. वाजवणारे पुन्हा उठून गल्लीत शिरले, त्यांच्यामागे पोरंबाळं, आणि माझ्या हातातला हात कधी सुटला कळलंच नाही.

मी मागे धावले. धावले कसली, गुडघे धरत गेले. उंच घरं, लाकडी जाळ्यांच्या खिडक्या, सगळ्या गल्ल्या एकसारख्या. वाजप कधी पुढून येई, कधी मागून. पोर कुठे दिसेना. मी हाक मारली. ओ नाही. पुन्हा मारली. ओ नाही. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला, ही असेल इथेच, ऐकतही असेल, मीच शिकवलंय म्हणून गप्प उभी असेल. तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तर धाप लागलेली. भिंतीला टेकून नुसती उभी राहिले.

आणि कोपऱ्यावरून ती धावत आली.

"थ्री टाइम्स झालं म्हणून आले."

"अगं, मी दोनदाच मारली."

"हो, लास्टवाली तुझी नव्हती. कुणीतरी म्हणालं, 'चेडवा, ये गो.'"

चेडवा म्हणजे आमच्या मालवणीत पोरी. घरात आम्ही कुणी तिला तसं म्हणत नाही. सुट्टीत गावी गेली की म्हणणारं एकच माणूस होतं.

मुलगा आला, त्याला सांगितलं. "आई, जेद्दात कोकणातली माणसं काय कमी आहेत? मारली असेल कुणी आपल्या पोरीला हाक."

असेल बाबा. मान हलवली मी. तरी नातीला विचारलंच, "आवाज कसा होता गं?"

"नॉर्मल, आजी." आणि त्या नाचणाऱ्यांसारख्या उड्या मारत तिने बापाचा हात धरला.

"यल्ला, चल आई. गाडी भलत्याच जागी लावलीय."

"तुम्ही व्हा पुढे. आलेच मी."

आमच्या यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. नुसतं 'अगो' म्हणायचे. मी कोपऱ्यावरच्या दगडी पायरीवर बसले. वाजप लांब गेलं, मग थांबलं. खुर्च्या उचलणारा एकजण हिंदीत म्हणाला, "अम्माजी, प्रोग्राम खलास."

"हाँ बेटा, दो मिनट," मी म्हटलं, आणि गल्लीकडे कान लावून बसून राहिले.