खास खोली आणि सात वर्षांखालची माणसं

मांढऱ्याच्या मातेची शपथ घेऊन सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी स्वतः तिथे हजर होतो. म्हणजे एकदा रजेवर होतो, आणि एकदा वजनकाट्यामागे डुलकी लागली होती. पण झोपेतही माझे कान उघडे असतात, हे आमचा दाना ओलीचा सगळा मोहल्ला जाणतो!

किस्से साठतात कसे, तर ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात टेबलावर धूळ साठते तसे. सकाळी फडकं मारा, दुपारी पुन्हा बोटभर थर. इंदरगंजात चहाला बसलो की कोणीतरी विचारतंच, "काय हो, तुम्ही एरोड्रमवर होता ना? मग ते पोरांचं प्रकरण काय होतं?" एक सांगितला की दुसरा आपणहून उठून उभा राहतो. तर सगळेच सांगून टाकतो. फडकं तुम्ही मारा.

*

तेव्हा मध्यभारत नावाचं राज्य होतं. राजधान्या दोन. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. कोणालाच नाराज करायचं नाही म्हणून सगळ्यांचीच पायपीट! वर्षातून दोनदा अख्खं सरकार बिछाना बांधून निघायचं. कारकून आणि कपाटं रेल्वेनं, साहेब लोक विमानानं. मी विमान कंपनीच्या खिडकीत तिकिटं फाडायचो.

एरोड्रमवर प्रवाशांसाठी होता एक पत्र्याचा व्हरांडा. मे महिन्यात त्यात पापड नुसता धरला तरी भाजून निघायचा. आणि त्याला लागून होती खास खोली. पूर्वी दरबारची. आत गालिचा, मखमली सोफे, छताला पंखे, खिडक्यांना वाळ्याचे पडदे, त्यांवर दर घंट्याला पाणी. बाहेर अंग भाजणारी लू, आत महाबळेश्वर! जमिनीवर एक वाघाचं कातडं, डोक्यासकट, जबडा उघडा.

संस्थान विलीन झालं, त्याबरोबर फौज विलीन झाली, खजिना विलीन झाला, आणि माधवगंजातले आबा साळुंखे चोपदारही विलीन झाले. जन्मभर दरबारात ललकारी दिलेला माणूस. आवाज असा की किल्ल्यावर माकडं सावध व्हायची. पण आता कोणाच्या नावानं ललकारी द्यायची? नव्या राज्यानं त्यांना खास खोलीच्या दारावर चपराशी म्हणून बसवलं. नोकरी हंगामी. कायम करायची की घरी पाठवायचं, ते सचिवालयातले जोगळेकरसाहेब ठरवणार होते. आणि जोगळेकरसाहेब विचारणार कोणाला? तर आमच्या मॅनेजरला, मेहरासाहेबांना. आबांच्या घरी विधवा सून आणि दोन नाती. एक तक्रार गेली की चूल बंद, असा मामला.

पहिल्या दिवशी मेहरासाहेबांनी स्टूल दाखवलं. "इस पर बैठो, बाबा."

आबा म्हणाले, "चोपदार बसत नसतो."

"बैठने की ही तो नौकरी है!"

आबांनी आपली पगडी काढली, स्टुलावर ठेवली, आणि शेजारी उभे राहिले. म्हणाले, "झालं? नोकरी बसलीये. मी उभा आहे."

त्यानंतर रोज तसंच. पगडी बसलेली, आबा उभे!

*

आता डॉक्टरीणबाई. कुसुमताई गद्रे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या दवाखान्यात नोकरीला. यजमानांचं खातं दोन राजधान्यांच्या वाटणीत कायमचं इंदूरला गेलेलं. संसाराच्याही दोन राजधान्या झालेल्या! रेल्वेनं भोपाळ, उज्जैन करत पोचेपर्यंत रजाच संपायची, म्हणून बाई पोटाला चिमटा घेऊन विमानानं जायच्या. बरोबर चिंगी. वय तीन-साडेतीन.

एकदा चिंगी खास खोलीत खेळता खेळता वाघासमोर बसली. आपल्या हातातलं अर्धं बिस्किट त्याच्या जबड्यात ठेवलं. मग अख्खा पुडाच ठेवला. कोणाच्या लक्षात आलं नाही.

दोन दिवसांनी दिल्लीचे एक बडे अधिकारी आले. सोफ्यावर रेलले, बूट काढले आणि दोन्ही पाय आरामात वाघाच्या डोक्यावर. पाच मिनिटांत साहेब सोफ्यावर उभे! वाघाच्या तोंडातून मुंग्यांची पलटण निघून थेट साहेबांच्या पाटलोणीत शिरलेली!

पुढच्या खेपेला मेहरासाहेबांनी चिंगीला दरडावलं, "शेर को बिस्कुट क्यों खिलाया?"

चिंगी म्हणाली, "तुम्ही देतच नाही त्याला काही!"

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली. सात वर्षांखालील मुलांना मनाई. त्यांनी आयांसकट व्हरांड्यात बसावं. आणि ते बघायचं काम कोणाचं? आबांचं.

*

पाटी लागली तशी पोरांची वयं वाढू लागली.

आमच्या दाना ओलीतले विष्णुपंत सोनपाठकी, पत्नी आणि बंडूला घेऊन निघाले. खिडकीत मला म्हणाले, "बंडू दीड वर्षाचा. मांडीवर बसेल, त्याला तिकीट कशाला?" मी खिडकीतून पाहिलं. दीड वर्षाचा बंडू उसाचं कांडकं दातांनी सोलत होता. शेजारधर्म म्हणून गप्प बसलो.

तिथून विष्णुपंत खास खोलीच्या दारात. तिथे मेहरासाहेब उभे. "बच्चा कितने साल का?"

"सात पूर्ण!" विष्णुपंत छाती काढून म्हणाले.

मेहरासाहेबांचे कान तिखट. म्हणाले, "पंडितजी, अभी खिड़की पर तो डेढ़ था!"

विष्णुपंत क्षणभरही अडखळले नाहीत. "क्या बताऊँ साहब, एरोड्रम की हवा ही ऐसी है!"

आबांनी तोंड फिरवलं. पाठीमागून त्यांचे खांदे हलताना मी बघितले.

*

तुम्ही म्हणाल, आबांनी मुलांना सरळ आत का सोडलं नाही? अहो, चोपदार माणूस. हुकूम म्हणजे हुकूम. पण हुकूम पाळण्यातही एक बंडखोरी असते, ती आबांकडून शिकावी.

मेहरासाहेबांची मेमसाहेब दिल्लीला माहेरी निघाली, बरोबर दोन मुलं. एक पाचाचा, एक दोनाचा. मेहरासाहेब स्वतः सोडायला आलेले. ऐटीत दारापर्यंत आले.

आबांनी हात आडवा केला.

"बाबा, ये मेरे बच्चे हैं."

"मुबारक हो, साहेब. सात के हैं?"

"मैंने ही तो नियम बनाया है!"

"म्हणून तर," आबा म्हणाले. "बनवणाऱ्याच्या घरचीच मुलं नियम मोडायला लागली, तर पाटीची इज्जत काय राहील?"

व्हरांड्यात चार माणसं बसलेली, सगळ्यांच्या देखत! मेमसाहेब व्हरांड्यात बसली, आणि विमान येईपर्यंत मेहरासाहेब हातपंख्यानं वारा घालत राहिले. मेमसाहेब नवऱ्याला काय काय बोलली ते मी ऐकलं, पण पंजाबी मला येत नाही. सूर मात्र समजला.

संध्याकाळी मेहरासाहेबांनी आबांना आपल्या खोलीत बोलावलं. दार उघडंच होतं. "एक और गड़बड़, बस एक, और मैं जोगळेकरसाहब से कह दूँगा कि इस आदमी को रखना बेकार है. समझे?"

"समजलो," आबा म्हणाले. बाहेर आले, पगडीवरची धूळ झटकली आणि पुन्हा स्टुलावर ठेवली. त्या दिवशी पहिल्यांदा मला म्हणाले, "नातींच्या शाळेचं काय करू रे?"

मी स्वतःच्या पैशानं त्यांना चहा पाजला. मी आणि स्वतःच्या पैशानं, यावरूनच काय ते समजा.

*

डॉक्टरीणबाईंना व्हरांडा मंजूर नव्हता. त्या आबांना म्हणाल्या, "आबा, तुमच्यावर बालंट येईल असं काही करणार नाही. मी आत जाणार नाही."

"मग, बाईसाहेब?"

"बाहेरही बसणार नाही!"

आणि बाई चिंगीला घेऊन चक्क उंबरठ्यावर बसल्या. आतून वाळ्याची गार झुळूक पाठीवर. चिंगी आईच्या मांडीवरून पाय पसरून आडवी.

मेहरासाहेब धावत आले. "ये क्या है?"

"पाटी पढ़िए," बाई म्हणाल्या. "अंदर मना है. मैं अंदर हूँ क्या?"

एवढ्यात एक उपसचिव आले. दारापाशी थबकले. आडव्या मुलाला ओलांडलं तर ते वाढत नाही, हे त्यांना त्यांच्या आईनं सांगितलेलं. चिंगीकडे बघितलं, पाय मागे घेतला, व्हरांड्यात जाऊन बसले. मागून दोन इंजिनियर आले. एक मराठी, एक भिंडचा ठाकूर. दोघेही थबकले. ठाकूर म्हणाला, "ना भैया, बच्चे को लाँघने का पाप हमसे नहीं होगा." मग एक कलेक्टर. मग एक जज्ज!

थोड्या वेळानं देखावा असा की अर्धं मध्यभारत सरकार पत्र्याखाली घाम पुसतंय, खास खोली रिकामी, पंखे गालिच्याला वारा घालताहेत.

"बहनजी, एक तरफ़ हो जाइए," मेहरासाहेब काकुळतीला आले.

"आधी पाटी बाजूला होऊ दे!"

पाटी हलली नाही, बाईही हलल्या नाहीत. विमान आलं तेव्हा जज्जसाहेब घामानं निथळत बाईंना म्हणाले, "माझ्या कोर्टात येऊ नका हं. मी हरेन!"

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही, कारण लोक म्हणतात, थापा मारतोस.

उन्हाळा ऐन भरात होता. भोपाळला नवी राजधानी करायची बोलणी सुरू झालेली. ग्वाल्हेर, इंदूर दोन्हींचं दुकान आवरणार आणि सगळं तिकडे जाणार, अशी हवा. हंगामी लोकांची छाटणी चालू होती. कोणाला ठेवायचं, कोणाला निरोप द्यायचा, ते ठरवत जोगळेकरसाहेब फिरत होते, आणि त्या दुपारी तेच खास खोलीत बसले होते. बरोबर सचिवालयातले सात-आठ जण, अर्धे जुन्या दरबारातले, अर्धे दिल्लीहून आलेले. मेहरासाहेब सरबताची देखरेख करत होते. साहेबांच्या कानाशी लागून दाराकडे बोट दाखवत काहीतरी सांगतही होते. आबांना ते दिसत होतं.

विमान उशिरा होतं. लू अशी की व्हरांड्यातला पत्रा कडकड वाजत होता.

डॉक्टरीणबाई टांग्यातून उतरल्या, त्या पळतच आल्या. चिंगी खांद्यावर, मान टाकलेली, तोंड लालबुंद.

"आबा, हिला वाटेत लू लागलीये. अंग तापलंय. आत्ताच्या आत्ता गारव्यात झोपवायला हवी. मी डॉक्टर म्हणून सांगतेय."

मेहरासाहेब दारात आले. चिंगीकडे बघितलं. मग मागे जोगळेकरसाहेबांकडे बघितलं. साहेबांसमोर आपलाच नियम मोडायचा? म्हणाले, "बहनजी, मैं समझता हूँ, पर नियम... टाँगे में वापस शहर ले जाइए."

"त्या उन्हातून परत?" बाईंचा आवाज फाटला.

मेहरासाहेब आबांकडे वळले. "बाबा, दरवाज़ा."

आबांनी दाराकडे बघितलं नाही. त्यांनी स्टुलाकडे बघितलं. वाकले, पगडी उचलली, डोक्यावर ठेवली, दोन्ही हातांनी नीट बसवली. माझ्या खिडकीशी माझी छत्री टेकलेली होती, ती घेतली. फरशीवर तीनदा आपटली. ठण, ठण, ठण. आणि मग—

"निगाह रखोऽऽऽ! आस्ते कदमऽऽऽ! श्रीमंत चिंगीबाईसाहेबांची स्वारी येतेऽऽऽ होऽऽऽ!"

मी तिकिटं सांडली! धावपट्टीच्या टोकाला चरणाऱ्या म्हशींनी माना वर केल्या!

आणि आत काय झालं? जोगळेकरसाहेब ताडकन उभे! तीन पिढ्या दरबारात गेलेल्या. डोक्याला कळायच्या आत गुडघ्यांना कळलं. नजर खाली, हात जोडलेले, दोन पावलं मागे. जुने सगळे तसेच. दिल्लीवाल्यांना काही समजेना, पण मोठे साहेब उभे म्हटल्यावर तेही उभे. हातात सरबताचे पेले घेऊन! मधून वाट मोकळी झाली. त्या वाटेनं आबा पुढे, छत्री उभी धरून. मागे डॉक्टरीणबाई, खांद्यावर चिंगी.

सगळ्यांत मोठ्या सोफ्यावर, पंख्याखाली, चिंगीला झोपवलं. बाईंनी सरबताचा बर्फ मागितला, रुमालात बांधला, कपाळावर धरला. साखरमिठाचं पाणी चमच्यानं घोट घोट पाजलं. आबा उशाशी उभे.

हळूहळू चिंगीच्या तोंडावरची लाली उतरली. तिनं कूस बदलली, अंगठा तोंडात घातला. बाईंनी नाडी बघितली आणि डोळे मिटून मान हलवली.

पण दरबारचा रिवाज असा की ज्यांच्या नावानं ललकारी झाली, त्यांनी बसा म्हटल्याशिवाय कोणी बसायचं नाही. आणि चिंगी तर म्हणेना! साहेब लोक या पायावरून त्या पायावर. शेवटी जोगळेकरसाहेब कुजबुजले, "आबा, आम्ही बसायचं का?"

आबा म्हणाले, "सरकार निजल्यात."

एवढ्यात मेहरासाहेबांना कंठ फुटला. "ये क्या तमाशा है! साहब, मैं कह ही रहा था, इस आदमी को आज के आज—"

"शूऽऽ!" जोगळेकरसाहेबांनी ओठांवर बोट ठेवलं, उभ्या उभ्याच. "मेहरा, सुना नहीं? सरकार सो रही हैं!"

*

आबांची नोकरी कायम झाली, तेही खरं. आता कबुली देतो. वाघ माझा. त्या खोलीत वाघाचं कातडं कधीच नव्हतं. बिस्किट नव्हतं, मुंग्याही नव्हत्या. मुलांना बाहेर बसवायला मेहरासाहेबांना काहीच कारण लागलं नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं.