समान वाटपाची कॉफी

आमच्या घरात कॉफी फक्त आजारी माणसाला मिळायची.

कुणाला ताप आला, मुलांची परीक्षा असली किंवा आईचा उपास असला (उपास हाही दादांच्या मते एक आजारच!), की आई दुधात चमचाभर कॉफी टाकायची आणि त्यात इतकं जायफळ किसायची, की पिणारा सकाळपर्यंत कूस बदलायचा नाही. बारावीच्या फिजिक्सच्या पेपरला जागरण करायचं म्हणून मी ही कॉफी प्यायले. त्या पेपरात मला किती मार्क पडले हे विचारू नका. झोप मात्र उत्तम लागली.

बाकी सगळा चहाचा कारभार. माझे वडील, म्हणजे दादा, भद्रकालीतल्या एका बोळात छोटा छापखाना चालवायचे. लग्नपत्रिका छापून पैसे कमवायचे आणि त्याच पैशातून हुंड्याविरुद्ध पत्रकं छापून लग्नाच्या मांडवाबाहेर वाटायचे! मी वाचायला शिकले ती पत्रकांवरच. माझ्या तोंडातून निघालेलं पहिलं पूर्ण वाक्य 'आम्ही जाहीर निषेध करतो' हे होतं, असं आई सांगते. त्यात माझं नाव ठेवलं क्रांती. त्यामुळे "क्रांती, दूध उतू गेलं!" अशी आरोळी आमच्या घरातून रोज उठायची आणि अख्खी गल्ली हसायची.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत मला रघुनाथन भेटला. तो विरुद्ध बाजूने बोलला, हरला, आणि हरल्यावर जवळ येऊन म्हणाला, "तुझा मुद्दा बरोबर होता." असा पुरुष मी पत्रकातसुद्धा वाचला नव्हता! मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

रघूचं घर तमिळ. त्याचे वडील, म्हणजे अप्पा, तरुणपणी नोकरीसाठी नाशिकरोडला आले आणि इथलेच झाले. रघू जन्मला इथेच, वाढला इथेच. मिसळीवर तर्री मागताना त्याच्याकडे बघून कुणालाही शंका आली नसती. लग्नाचं विचारलं तेव्हा अप्पा म्हणाले, "अम्मा म्हणेल ते." आणि अम्मा, म्हणजे रघूची आई, काहीच म्हणाल्या नाहीत. 'हो' नाही आणि 'नाही'ही नाही. माझं सगळं आयुष्य त्या गप्प बाईच्या ओठांवर टांगलेलं होतं.

पहिल्यांदा ते आमच्याकडे आले. आईने ठरवलं, दक्षिणेकडची माणसं आहेत, चहा देऊन अपमान करायचा नाही. कॉफीच! तीही आपल्या पद्धतीची.

अम्मांनी एक घोट घेतला आणि कप बशीत ठेवला. "यात काय घातलंय?"

"जायफळ!" आई अभिमानाने म्हणाली. "अख्खं!"

अप्पांनी मात्र सभ्यपणे कप संपवला. समोर दादा हुंड्याच्या प्रश्नावर बोलत होते. अप्पा डोळे मिटून मान डोलवायला लागले. "बघ, किती पटतंय त्यांना!" दादा माझ्या कानात कुजबुजले. तेवढ्यात अप्पा घोरले.

कॉफी पिऊन अप्पा झोपले, ही त्यांच्या घराण्याच्या इतिहासातली पहिलीच घटना होती. त्यांना रिक्षात बसवताना अम्मा फक्त एवढंच म्हणाल्या, "पुढच्या रविवारी तुम्ही या. कॉफी मी करते."

दुसऱ्या दिवशी रघू चिंतेत. "मद्रासहून मोठे मामा येताहेत. अम्माचे मोठे भाऊ. त्यांच्या शब्दाबाहेर ती कधी गेलेली नाही. मामा हो म्हणाले तर हो."

"म्हणजे मला बघायला येताहेत? मी काय बाजारातली गाय आहे?"

"तू फक्त कॉफी पी, क्रांती. आणि पूर्ण संपव. आमच्याकडे टंबलर अर्धा ठेवून उठणं म्हणजे नकार. आणि मेहेरबानी कर, काही बोलू नको."

"काहीच?"

"कशाहीबद्दल बोल. कॉफीबद्दल नको."

मी शब्द दिला. (शब्द मोडणाऱ्यांविरुद्धही आमच्याकडे एक पत्रक होतं.)

रविवारी आम्ही शालिमारहून बस पकडून नाशिकरोडला गेलो. आईच्या हातात द्राक्षांची पाटी, दादांच्या शबनम पिशवीत आदल्या रात्री छापलेली ताजी पत्रकं, आणि माझ्या हातात देवळा गावच्या माझ्या मामाने पाठवलेली कांद्याची पिशवी. अम्मांनी कांद्यांकडे बघितलं. "मोठे आहेत," त्या म्हणाल्या. यावर हसायचं की रडायचं ते कळेना.

जिन्यातच कॉफीचा वास येत होता. तो वास म्हणजे चेष्टा नव्हती! त्या घरात कच्च्या बिया गावाकडून यायच्या. अप्पा त्या मंद आचेवर स्वतः भाजायचे, गॅलरीच्या कठड्याला बसवलेल्या हातगिरणीत स्वतः दळायचे, आणि पूड डब्यात भरून अम्मांच्या हवाली करायचे. तिथून पुढे अप्पांची हद्द संपायची. मोठ्या मामांसाठी त्या दिवशी खास दळण झालं होतं.

मामा खुर्चीत ताठ बसले होते. पांढरीशुभ्र वेष्टी (त्यांच्याकडचं धोतर), कपाळावर भस्म, आणि चेहरा असा, की आपण न केलेले गुन्हेही कबूल करून टाकावेत. दादांनी नमस्कार करून लगेच त्यांच्या हातात पत्रक दिलं. मामांनी ते सुलटं-उलटं करून बघितलं. त्यांना मराठी येत नव्हतं. आमच्या बाजूने घडलेली ती त्या दिवसातली शेवटची चांगली गोष्ट.

पुरुष बाहेर गप्पा मारताहेत आणि एक बाई आत राबतेय, हे मला बघवेना. मी स्वयंपाकघरात गेले.

ओट्यावर पितळेचं दुमजली भांडं, म्हणजे कॉफीचा फिल्टर, होतं. वरच्या मजल्यावर पूड आणि उकळतं पाणी. तळमजल्यावर थेंब थेंब साठणारा काळा दाट अर्क. त्याला ते डिकॉक्शन म्हणत. अम्मांनी तो अर्क एका पातेलीत काढून ठेवला होता, आणि त्याच पुडीवर पुन्हा पाणी ओतून दुसऱ्या पातेलीत आणखी थोडा, फिकट, पिवळट अर्क घेतला होता.

"हे काय?" मी विचारलं.

"हे पहिलं. बाहेरच्यांना." अम्मांनी दाट पातेली दाखवली. "हे दुसरं. हे मला."

हे मला!

माझ्या डोळ्यांसमोर एकदम पंधरा वर्षांची पत्रकं फडफडली. घाम बाईचा आणि अर्क पुरुषांचा! राबणाऱ्या हातांच्या वाट्याला चोथ्याचं पाणी! रघूला दिलेला शब्द मला आठवला, पण तत्त्वापुढे शब्द म्हणजे काय?

"अम्मा, हा अन्याय आहे!"

"दूध उकळतंय, बाजूला हो."

"किती वर्षं सहन करताय तुम्ही हे? तुम्ही मागणार नसाल, पण मी गप्प बसणार नाही! एका घरात दोन न्याय चालणार नाहीत. वाटप समानच झालं पाहिजे!"

"अगं, ऐक तरी..."

आणि मी पहिलं डिकॉक्शन उचलून दुसऱ्यात ओतलं. शेवटच्या थेंबापर्यंत. वर चमच्याने ढवळलंसुद्धा!

अम्मांनी आधी पातेलीकडे, मग माझ्याकडे, मग भिंतीवरच्या देवांकडे बघितलं.

"पूड... आणखी असेल ना?" माझा आवाज आता पत्रकातला राहिला नव्हता.

"संपली," अम्मा म्हणाल्या.

मग त्यांनी दूध घातलं, साखर घातली, सगळ्यांसाठी सात टंबलर भरले, प्रत्येक टंबलर त्याच्या डवऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, ठेवला, आणि ताट माझ्या हातात दिलं. "तूच ने."

बाहेर दादांनी टंबलर डवऱ्यात रिकामा केला आणि बशीतला चहा प्यावा तसा फुर्रर्र करून एक घोट ओढला. आई म्हणाली, "छान आहे हो. जरा जायफळ हवं होतं." अप्पांनी एक घोट घेतला आणि स्वतःच्या हाताने भाजलेली कॉफी ओळखू न आल्यामुळे ते टंबलरच्या तळाशी शोधायला लागले. मामांनी टंबलर उंच धरून कॉफी वरून तोंडात सोडली, गिळली आणि ते तमिळमध्ये बोलायला लागले. बराच वेळ बोलले. एकदा हातवारे केले, दोनदा छताकडे बघितलं.

"काय म्हणताहेत?" आईने विचारलं.

रघूच्या कपाळावर घाम. "म्हणताहेत... नाशिकची हवा छान आहे."

आणि मामांनी टंबलर खाली ठेवला. अर्धा.

रघूचा चेहरा त्या कॉफीपेक्षा फिका पडला. माझं लग्न त्या अर्ध्या टंबलरमध्ये बुडताना मला स्पष्ट दिसत होतं. शहाण्या मुलीने इथे माफी मागितली असती. मी उभी राहिले.

"ही कॉफी मी केलीय!" मी जाहीर केलं. "ही समान वाटपाची कॉफी आहे! या घरात आजपासून पहिलं-दुसरं बंद!"

रघूने डोळे मिटले.

"शाब्बास, पोरी!" दादा ओरडले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. हातात भरलेला डवरा आहे, हे त्यांच्या टाळीनंतर लक्षात आलं. मामांच्या पांढऱ्याशुभ्र वेष्टीवर मांडीपासून घोट्यापर्यंत समान वाटप झालं!

"अरेरेरे! माफ करा! माफ करा!" म्हणत दादांनी पिशवीत हात घातला, हाताला लागला तो गठ्ठा काढला आणि वेष्टी पुसायला सुरुवात केली. गठ्ठा पत्रकांचा होता. शाई ओली होती. गठ्ठा बाजूला झाला तेव्हा मामांच्या उजव्या मांडीवर 'हुंडा घेणारा नवरदेव म्हणजे भिकारी' ही ओळ उलट्या अक्षरांत उमटली होती.

"अहो, पुसू नका! आणखी छापताय!" आई ओरडली.

मामा उठले. अम्मांना तमिळमध्ये दोन वाक्यं म्हणाले.

"काय म्हणताहेत?" मी विचारलं.

"हे राहू दे," रघू म्हणाला.

तेव्हा आतापर्यंत दारात उभ्या असलेल्या अम्मा पुढे आल्या. खुर्चीवर बसल्या. स्वतःचा टंबलर उचलला, कॉफी हातभर उंचीवरून डवऱ्यात ओतली, पुन्हा टंबलरमध्ये, पुन्हा डवऱ्यात, आणि सगळी पिऊन टाकली. रिकामा टंबलर त्यांनी भावासमोर ठेवला. मग त्याच्याशी हळू आवाजात बोलल्या, आणि आमच्याकडे वळून मराठीत म्हणाल्या:

"अण्णा म्हणतो, कॉफी बिघडवणारी मुलगी घर बिघडवेल. मी त्याला सांगितलं, आमच्याकडे पाहुणा डिकॉक्शनला हात लावत नाही. हे इतकी वर्षं बिया भाजतात, यांनीही लावला नाही. माझी डिकॉक्शनची पातेली मी सोडून कुणी उचललेली नाही. हिने विचारलंसुद्धा नाही! म्हणजे ही पाहुणी नाही. घरचीच आहे. आता घरच्या माणसाला परत कुठे पाठवू?"

मामा अजून उभेच होते.

"बस, अण्णा," अम्मा म्हणाल्या. "कॉफी संपव. गार झाली तर आणखी वाईट लागेल."

आयुष्यात पहिल्यांदाच धाकट्या बहिणीने आपल्याला 'बस' म्हटलं, या धक्क्याने मामा बसले. काढा प्यावा तशी त्यांनी ती कॉफी संपवली. टंबलर उपडा ठेवला आणि कुणी काही विचारायच्या आत अप्पा म्हणाले, "मी सांगितलंच होतं. अम्मा म्हणेल ते."

लग्न नोंदणी पद्धतीने झालं. हुंडा नाही, मानपान नाही, पत्रिका दादांनी पत्रकासारखीच छापली. मोठे मामा मद्रासहून आले, नवी वेष्टी नेसून, आणि काखेत स्वतःचा कॉफीचा डबा घट्ट धरून. समोर दादा दिसले की ते दोन पावलं मागे सरायचे.

आणि मी? एका बाईला तिच्या हक्काचं पहिलं डिकॉक्शन मिळवून दिल्याच्या आनंदात होते. मैत्रिणींना सांगत होते. लेख लिहायला घेतला होता. मग एकदा पहाटे तहान लागली म्हणून स्वयंपाकघरात गेले. दिवा नव्हता. ओट्याशी स्टुलावर अम्मा एकट्याच बसल्या होत्या. हातात वाफाळता टंबलर, आणि आतली कॉफी इतकी दाट, की चमचा उभा राहावा.

"हे कुठलं डिकॉक्शन?" मी विचारलं.

"पहिल्याच्या आधीचं," अम्मा शांतपणे म्हणाल्या. "रात्री फिल्टर लावून ठेवते. पहाटेपर्यंत उतरतं ते हे. माझं लग्न झाल्यापासून पिते. हे काढून झालं, की तुम्हा सगळ्यांसाठी परत पाणी घालते. त्याला तुम्ही पहिलं म्हणता."

"आणि त्या दिवशीचं ते दुसरं? 'हे मला' म्हणालात ते?"

"दुपारनंतर मला कडक चालत नाही. झोप येत नाही."

"मग तेव्हा सांगितलं का नाही?"

"तू बोलत होतीस ना," अम्मा म्हणाल्या.

शोषितांची बाजू घेऊन मी ज्या जुलमी घराण्यावर तुटून पडले होते, ते सगळं घराणं, अप्पांसकट, वर्षानुवर्षं अम्मांचा चोथा पीत होतं!

अम्मा स्टुलावर थोड्या सरकल्या. "टंबलर आण. दोघींना पुरेल. पण पत्रक काढायचं नाही."

मी टंबलर आणला. पहिला घोट घेतला, आणि लेख लिहायचा राहूनच गेला.

रघूला वाटतं, मी पहाटे लिहायला उठते. समान वाटपावर माझी आजही तेवढीच कट्टर निष्ठा आहे, फक्त ती सकाळी सहानंतर सुरू होते.