बावन्न किलोंचं माप

ब्रह्मदेवाने माणूस घडवून तो आधी माझ्या बायकोच्या मामांकडे तपासणीला पाठवला असता, तर निम्मीअधिक मनुष्यजात गळ्यात लाल टॅग अडकवून परत गेली असती, आणि त्या परतीच्या गर्दीत मी अगदी पुढे असतो. मामांनी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं क्वालिटीत काढली. आलेला लोखंडी भाग मापाला लावायचा. बसला तर हिरवा टॅग, नाही बसला तर लाल, आणि थोडं घासून बसणार असेल तर पिवळा, म्हणजे 'रीवर्क'. आमच्या बघण्याच्या कार्यक्रमात त्यांनी मला उभं केलं, बसवलं, पुन्हा उभं केलं आणि पोह्यांची बशी हातात असतानाच निकाल दिला, "मुलगा पास. पोटाला रीवर्क लागेल." निवृत्तीच्या समारंभात मिळालेला नारळ त्यांनी व्यासपीठावरच कानाशी हलवून पाहिला आणि "पाणी कमी आहे" असं माइकमध्ये सांगितलं. स्टोअरवाल्याकडून मागून आणलेला उरलेल्या टॅगांचा गठ्ठा आजही त्यांच्या टेबलाच्या खणात आहे. घरातला पंखा, कुकर, बाथरूमचा नळ या सगळ्यांना टॅग आहेत. नळाचा लाल आहे.

गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास मामींना अर्धांगाचा झटका आला. वाचा वाचली, तीही पूर्वीच्याच धारेसकट, पण उजवी बाजू गेली. पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवलं की त्या दिवसभर गॅलरीतून कॉलेज रोडच्या मागच्या त्यांच्या गल्लीवर राज्य करत. पण बसवणार कोण? सकाळी घरकामाच्या मंदाताई आणि दोन गल्ल्या पलीकडून आलेला मी मिळून उचलायचो. मंदाताईंची सुटी असली की मामी पलंगावरच. पुण्याहून मुलगी आली, आठ दिवस राहिली आणि जाताना म्हणाली, "बाबा, मी दिवाळीपर्यंत बघते. तुम्हाला एकट्याला आईला उचलता आलं नाही, तर भाऊबीजेला आले की तिला घेऊन जाणार. तुम्ही मागाहून या, नाही तर इथेच राहा, पण आईचे हाल नकोत." मुलीचं काही चुकत नव्हतं. मामी फक्त एवढंच म्हणाल्या, "तिच्या गॅलरीतून समोरची गॅलरी दिसते." मामांनी कॅलेंडर काढलं, भाऊबीजेवर गोल केला आणि म्हणाले, "सहा महिने आहेत. होईल."

आता अडुसष्टाव्या वर्षी ताकद कमवायची, तर दुसरा कोणी देवाचं नाव घेऊन सुरुवात करेल. मामांनी मोबाइल उघडला आणि त्यात तंदुरुस्तीचे इतके पंथ निघाले की ते दोन दिवस जेवताना बोललेच नाहीत. एक म्हणतो खा, दुसरा म्हणतो खाऊ नका. एक म्हणतो पळा, दुसरा म्हणतो नुसता श्वास घ्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी पद्धत ठरवली. प्रत्येक प्रकाराला एकवीस दिवस, आणि नंतर मापाला लावायचं. मामींचं वजन बावन्न किलो. मंदाताईंच्या चांदवडच्या भावाकडून त्यांनी उन्हाळी कांद्याचं पोतं मागवलं, किराणावाल्याच्या काट्यावर बरोबर बावन्न करून तोंड शिवलं आणि दिवाणावर ठेवलं. एकविसाव्या दिवशी ते पोतं उचलून शेजारच्या खुर्चीत बसवायचं आणि लगेच एका दमात आपला पूर्ण पत्ता पिनकोडसकट म्हणायचा. पिनकोडपर्यंत धाप लागली नाही तर पास. साक्षीदार म्हणून माझी नेमणूक झाली. मला वाटलं नुसतं बघायचं आहे, पण मामांच्या मते साक्षीदाराने माल वापरून बघितला पाहिजे, म्हणून प्रत्येक प्रकार मीही केला. मी तीन दिवस करायचो, ते एकवीस.

पहिली दहा हजार पावलं. मनगटाला पट्टा बांधून मामा कृषीनगरच्या ट्रॅकवर फेऱ्या मारू लागले. पण संकष्टीला आरतीत टाळ्या वाजवताना त्यांची नजर पट्ट्यावर गेली आणि आरती तिथेच थांबली. जागेवर उभ्या उभ्या तीनशे पावलं झाली होती. पट्टा रिजेक्ट, चालणं रीवर्क. मग सोळा तासांचा उपास आला. ज्या नाशकात रविवारी सकाळी माणूस आधी मिसळ खातो आणि मग डोळे उघडतो, तिथे हा गृहस्थ ट्रॅकवरच्या मंडळींबरोबर मिसळीच्या टेबलावर नुसता पाण्याचा ग्लास धरून बसायचा आणि दुसऱ्यांच्या तर्रीचा रंग तपासायचा. एकविसाव्या दिवशी पोतं वीतभर उचललं गेलं आणि पत्ता फ्लॅट नंबरवर संपला. त्यानंतर भर पावसाळ्यात बर्फाच्या पाण्याचा टब. रसवंतीवाल्याकडून लादी आणून मामा त्यात गळ्यापर्यंत बसले आणि "ता-ता-ताजंतवानं वाटतं" असं म्हणाले. आतून मामी ओरडल्या, "अहो, मला उचलायचंय, गोठवायचं नाही!" झुंबाच्या वर्गात तर ते बायकांच्या बॅचमध्ये शेवटच्या रांगेत उभे राहून इमानाने नाचले. शेवटी त्यांनी शिकवणाऱ्या मुलीला विचारलं, "ताई, यात वजन कुठे उचलतो आपण?" ती म्हणाली, "मन हलकं होतं, काका." वहीत नोंद झाली: मन पास, पोतं रिजेक्ट.

एक मात्र सांगितलं पाहिजे. मामांनी कशाचीही टिंगल केली नाही. मीच करायचो, कारण तीन दिवसांत सोडलेल्या गोष्टीला नावं ठेवणं सोयीचं असतं. एकदा मी म्हणालो, "मामा, हे सगळं थोतांड आहे." ते चष्मा काढून म्हणाले, "जावईबापू, बोल्ट चांगला की वाईट हा प्रश्नच नसतो. कुठल्या नटात बसवायचाय ते आधी सांगा. ती मुलगी नाचून खूश आहे, तिचा बोल्ट बसला. माझा नट आत पलंगावर आहे." आतला नट हे ऐकून आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही.

दसऱ्याच्या आधी हिरव्या रसाची पाळी आली. दुधी, पालक, कढीपत्ता आणि कारलं. चव अशी, की आपण काही तरी पाप केलं असावं असं वाटायचं. पण एकविसाव्या दिवशी चमत्कार झाला. पोतं अलगद उठलं, खुर्चीत बसलं आणि मामांनी पत्ता पिनकोडसकट दोनदा म्हटला. रसाच्या बाटलीला हिरवा टॅग लागला. मामांनी आख्ख्या ट्रॅकवर रसाचा प्रचार केला. मी उत्साहाच्या भरात लिटरभर प्यालो आणि पुढचे दोन दिवस घरापासून फार लांब गेलो नाही.

मी सावरल्यावर खरी परीक्षा ठरली. मामांनी मामींच्या काखेत हात घातले, जोर लावला, मामी चार बोटं वर आल्या आणि दोघंही पलंगावर बसले. मामींना हसू आलं. मामा हसले नाहीत. ते भेदरले होते, आणि तसं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. जरा वेळाने ते म्हणाले, "पोतं काट्यावर न्या." मी पोतं उचललं आणि तिथेच मला शंका आली, कारण बाजाराच्या पिशवीनेही धापा टाकणारा मी ते घेऊन जिना उतरलो. काट्याने छत्तीस दाखवले.

मंदाताई भांडी घासता घासता म्हणाल्या, "आवं काका, उन्हाळी कांदा हाय त्यो. ठेवला का घटतोच की!" नाशिक जिल्ह्यात हे शेंबडं पोरही सांगेल. पण मामांनी जन्मभर लोखंड मोजलं होतं आणि लोखंड घटत नाही. त्यांनी वहीत पाहिलं, हिशोब केला आणि विचारलं, "घटून घटून पाच-सहा किलो घटेल. बाकीचे दहा?" मंदाताईंनी पलंगाकडे पाहिलं. "मी नाय म्हणत व्हते. बाईंनीच मागची शिवण उसवाय लावली. आठवड्याला चार-पाच कांदे काढायचे आन् परत शिवायचं."

"मापात हात घातलास?" मामा इतकंच म्हणाले. चौतीस वर्षांत त्यांच्या मापाला कोणी हात लावला नव्हता.

"घातला," मामी म्हणाल्या. "ते पोतं उचलताना तुमचे गुडघे कडकड वाजायचे. मला इथे ऐकू यायचं. तुम्ही पडलात, तर मी कुठल्याही गॅलरीत बसून काय करू?"

 मामा उठले आणि रसाच्या बाटलीचा हिरवा टॅग काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅकवर प्रत्येकाला गाठून त्यांनी सांगितलं, "रस परत मागवतोय. तपासणीत चूक झाली, माझी." लोक म्हणाले, आम्हाला बरं वाटतंय. ते म्हणाले, "वाटू द्या, पण माझ्या नावावर नको." भाऊबीजेला वीस दिवस होते. दुसऱ्या कोणी हात टेकले असते. मामांनी पोत्यात बावन्न किलो रेती भरली आणि ज्या फिजिओथेरपीवाल्या मुलीला इतके दिवस 'फारच साधं सांगते' म्हणून टाळलं होतं, तिच्याकडे गेले. तिने सांगितलं, खुर्चीवरून उठबस करा, मग बैठका, मग जिने, आणि उचलायची पद्धत शिका. कंबर नाही, गुडघे वाकवायचे. आणि काकूंच्या डाव्या पायालाही रोज कामाला लावा. मामांनी विचारलं, "यात नवीन काय?" ती म्हणाली, "काहीच नाही." हे उत्तर मामांना फार आवडलं. वीस दिवस त्या घरात सकाळ-संध्याकाळ आकडे मोजल्याचे दोन आवाज येत होते, एक दिवाणखान्यातून आणि एक पलंगावरून. तेवढे वीस दिवस मीसुद्धा बैठका काढल्या, एकही न चुकवता.

भाऊबीजेला मुलगी आली. मामांनी तिच्यासमोर रेतीचं पोतं उचललं. खुर्चीत बसवलं, पण पत्ता 'कॉलेज रोड, नाशिक' इथे थांबला. पिनकोडला श्वास उरला नाही. मी साक्षीदार होतो, आणि खोटं बोलायला मी एका पायावर तयार होतो, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. खणातून लाल टॅग काढून त्यांनी स्वतःच्या शर्टाच्या गुंडीला बांधला आणि मुलीला म्हणाले, "रिजेक्ट. आईची बॅग भर."

"अहो," मामी पलंगावरून म्हणाल्या, "ते पोतं गळ्यात हात घालतं का? पायाने जोर लावतं का? तुमचं मापच चुकलंय. या इकडे."

मामा गेले. गुडघे वाकवले. मामींनी डावा हात त्यांच्या मानेभोवती टाकला, डावा पाय जमिनीवर रोवला आणि मोजायला सुरुवात केली. एक, दोन, आणि तीन म्हणेपर्यंत त्या खुर्चीत होत्या.  मामा पत्ता म्हणायला उभे राहिले. धाप अजिबात नव्हती, पण फ्लॅट नंबरच्या पुढे शब्दच फुटेना. तेव्हा मामींनी खुर्चीतून सगळा पत्ता म्हटला, पिनकोडसकट, एका दमात. मुलगी डोळे पुसत चहा ठेवायला आत गेली. आईची बॅग माळ्यावरून कोणी काढलीच नाही.

कारखान्यात प्रत्येक मापावर 'पुढील तपासणी' अशी तारखेची चिठ्ठी असते. कांद्याच्या पोत्यावर ती नव्हती, हीच आपली चूक, असं मामा आता सांगतात. म्हणून त्यांनी स्वतःच्या कपाटाच्या आरशावर एक चिठ्ठी चिकटवली आहे. दर तीन महिन्यांनी ते माझ्यासमोर मामींना उचलतात आणि मी पुढची तारीख लिहितो. अलीकडे 'तीन'च्या आधी मामा एक क्षण थांबतात. ते मला दिसतं, मामींनाही जाणवत असणार. परवाच्या खेपेला मी तारीख लिहिली ती दहा वर्षं पुढची. मामांनी चष्मा लावून ती पाहिली आणि म्हणाले, "जावईबापू, एवढी मुदत कुठल्याच मापाला मिळत नाही."

"असू द्या," गॅलरीतून मामी म्हणाल्या.

जन्मात एकही चुकीचा आकडा जाणूनबुजून पुढे न सोडलेल्या त्या माणसाने खिशातलं पेन काढलं, थोडा वेळ हातात धरलं आणि तसंच परत ठेवलं.