बेळगावात वाचलेला निबंध

कॉलेजातली माझी जागा दोन वर्षं तात्पुरती होती. नाताळच्या सुट्टीत बेळगावला भाषेच्या प्राध्यापकांची परिषद भरणार होती आणि तिथं मी निबंध वाचणार होतो. प्रिन्सिपॉलसाहेब निघताना एवढंच म्हणाले, "बेळगावचं पाहू, मग तुमच्या कायम होण्याचं बोलू." ते पुण्याहून थेट रेल्वेनं गेले. रात्रभर त्यांच्यासमोर बसून राहण्याची हिंमत माझ्यात नव्हती, म्हणून मी वेगळ्या गाडीनं कोल्हापूरला आलो आणि पुढं सर्व्हिस मोटार धरली.

निपाणीत तंबाखूच्या वखारींपाशी मोटार थांबली आणि सगळे उतारू एकामागून एक शिंकू लागले. गाव सोडून दोनेक मैल गेलो असू, तोच टायर फुटला. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि तंबाखूची रुंद पानं. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ काढत होतो.

"वेळेवर पोचू ना?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"काम कवा हाय तुमचं?"

"उद्या दुपारी."

"मग आत्तापास्नं कशाला घाबरताय, अण्णा? बसा की झाडाखाली." तो हसून पुन्हा चाकाकडं वळला. मी झाडाखाली बसून निबंध पाचव्यांदा वाचला.

संकेश्वर गेलं, माती हळूहळू तांबडी झाली. काकतीच्या अलीकडं भातं कापून झालेली, खळ्यांवर उडव्या (पेंढ्यांचे ढीग) रचलेल्या. हवा थंड, गोड. एरवी मी वहीत दोन ओळी टिपल्या असत्या. त्या दिवशी डोक्यात फक्त निबंध होता.

निबंधाचा विषय ओव्यांचा. शहापूरचा माझा एक जुना विद्यार्थी विणकरांच्या आळीतल्या ओव्या उतरवून घेऊन आला होता आणि वहीवर त्यानं 'मागाशेजारी बसून ऐकल्या' असं लिहिलं होतं. तेवढ्यावर मी सिद्धान्त उभा केला की ओवीतला विसावा मागावर सूत इकडून तिकडं नेणाऱ्या धोट्याच्या ठेक्यातून आला आहे. धोटा इकडून तिकडं गेला की ओळ संपते, वगैरे. निबंधात 'मी प्रत्यक्ष ऐकलेल्या ओव्या' असंही लिहून मोकळा झालो होतो. विद्यार्थ्याचे कान ते आपलेच कान, अशी मनाची समजूत घातली होती.

पण प्रत्यक्ष एकदा ऐकाव्यात म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी शहापूर गाठलं. बेळगावला लागूनच असलं तरी शहापूर सांगली संस्थानातलं. एक रस्ता ओलांडला की राज्य बदलतं. विद्यार्थ्याला ओव्या सांगणाऱ्या गंगाक्काचं घर लगेच सापडलं. आप्पा, तिचे यजमान, मागावर होते. तिनं मला चुरमुरे आणि चहा दिला आणि कांड्या (धोट्यात घालायच्या सुताच्या नळ्या) भरायला बसली.

मी वाट पाहिली. अर्धा तास गेला. धोटा धावत होता, फणी आपटत होती, कुणी तोंड उघडत नव्हतं. आप्पांचे ओठ तेवढे हलत होते.

"आक्का, गाणं केव्हा म्हणता?" मी हळूच विचारलं.

"मागावर? गाणं न्हाय म्हणत कुणी. लुगड्याच्या काठाची तारं मोजाय लागत्यात न्हवं त्यास्नी. मधीच बोललं तर काठ बिघडतोय."

"पण ओव्या?"

"त्या दळताना. पहाटं. जातं हितंच हाय, मागाच्या पल्याड. तुमचा इद्यार्थी मागाच्या कडंला बसून लिवायचा."

"तेव्हा माग चालू नसायचा?"

"पहाटं? उजेड नको व्हय?"

माझ्या हातातला चहा निवून गेला. आक्काला मात्र त्याचं काही नव्हतं. तिनं पदर सारखा केला आणि विचारलं, "तितं माझं नाव घेनार म्हनं तुमी?"

"हो," मी म्हणालो.

"मग नीट सांगा. दळताना म्हणत्यात म्हणून सांगा."

टांग्यात बसून मी निबंध उघडला. मागाबद्दलची पानं काढून टाकली तर उरत होतं काय? सुरुवातीचा नमस्कार आणि शेवटचे आभार. सारांश छापून प्रत्येकाच्या हातात पोचला होता. वाटलं, ताप आल्याचं सांगावं. पण साहेब डॉक्टर घेऊन आले असते.

दुपारी सभागृहात उभा राहिलो. साहेब पहिल्या रांगेत, मांडीवर सारांश. परिषदेचं कामकाज इंग्रजीत. शहापूर तिथून हाकेच्या अंतरावर, पण आप्पा मागावर गात नाहीत, तारा मोजत असतात हे त्या खोलीत मला एकट्यालाच ठाऊक होतं. तिसऱ्या पानावर क्षणभर थांबलो, पाणी प्यालो. आणि होतं तसं सगळं वाचलं. गंगाक्काचं नावही घेतलं, दोनदा. टाळ्या झाल्या. अध्यक्ष म्हणाले, असं प्रत्यक्ष जाऊन केलेलं काम दुर्मीळ.

बाहेर व्हरांड्यात आप्पा उभे होते, धुतलेला सदरा घालून. अर्धा दिवस माग बंद ठेवून आले होते. लाजेनं माझे कान तापले.

"नाव आईकलं, साहेब," ते म्हणाले. "दोन डाव. बाकीचं इंग्लिश कळलं न्हाय. तिनं सकाळी सांगितलं ते सगळं सांगितलंसा न्हवं?"

"सांगितलं," मी म्हणालो.

"लई ब्येस झालं." त्यांनी हात जोडले आणि शहापूरकडं चालू लागले.

परतीला साहेबांनी मला रेल्वेत स्वतःच्या डब्यात घेतलं, घरचे लाडू दिले आणि मिरजेपर्यंत माझ्या सिद्धान्ताबद्दल बोलत राहिले. जूनमध्ये मी कायम झालो. घरी पेढे वाटले.

परिषदेचा अहवाल छापून आला आहे. गंगाक्काचं नाव पहिल्याच पानावर आहे. एक प्रत तिला पाठवावी असं फार वाटतं. पण आप्पांची धाकटी मुलगी इंग्रजी शाळेत जाऊ लागली आहे, असं त्या विद्यार्थ्यानं परवाच कळवलं. प्रत अजून माझ्याच कपाटात आहे.